न दाबलेली चौकट

साताऱ्याच्या एमआयडीसीत गेली बावीस वर्षं मी आलेला माल तपासते. इंजिनात बसणारे लहान लहान भाग ट्रेमधून माझ्या टेबलावर येतात आणि ते चुकीचेच आहेत असं धरून मला ते हातात घ्यावे लागतात. आपण बरोबर आहोत हे त्या भागाने दाखवून द्यायचं असतं. ही सवय संध्याकाळी गेटवर जमा करून घरी येता येत नाही. भाजीवालीच्या तागडीपासून नवऱ्याच्या 'पाच मिनिटांत पोचतोय'पर्यंत मी सगळंच उलटून पालटून बघते. नवरा विचारतो, मग मला कसं पास केलंस? मी म्हणते, किरकोळ दोष मान्य करून घेतलं.

म्हणून सांगलीच्या स्पीच थेरपिस्टने आईसाठी टॅब घ्या म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की या थेरपिस्टला त्यात काय मिळतंय?

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा चार महिने झाले होते. पाय बराचसा सुधारला होता, धरून धरून ती मोरीपर्यंत जायची. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, आणि वाचा गेली ती गेलीच. 'अं' सोडून तोंडातून काही फुटत नव्हतं. लिहिता येत असतं तर डाव्या हाताने काही गिरवलं असतं, पण आई शाळेत गेलेली नाही. आपण बोललेलं त्यांना कळतं, फक्त शब्द बाहेर यायची वाट बुजलीय, असं ती थेरपिस्ट म्हणाली. वय तिचं फार तर अठ्ठावीस. महागडं खास यंत्र घेऊ नका, कुठलाही साधा दहा इंची टॅब चालेल, चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ॲप त्यात फुकट मिळतं, असंही तिनेच सांगितलं. फुकट म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. तरी घेतला, कारण दुसरा उपाय कुणी सांगत नव्हतं.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात मी खोक्याचं सील नखाने चाचपून बघितलं. पडदा एकदा पांढरा आणि एकदा काळा करायला लावून कुठे मेलेला ठिपका आहे का ते पाहिलं. टॅब काचेच्या काउंटरवर पालथा ठेवून चारी कोपरे टेकतात का बघितलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, एवढं बघून आजवर कुणी घेतला नाही. मी म्हटलं, म्हणूनच लोक फसतात. त्याने मुकाट्याने पावती फाडली.

टॅबकडून पुरेपूर काम करून घ्यायचं तर आधी त्याच्यातलं नको ते बाहेर काढावं लागतं, हे मला त्या दोन रविवारांत कळलं. खेळ, बातम्या, खरेदीची दुकानं, सगळं काढून टाकलं. मध्येच टुंग करून वर येणारे निरोप बंद केले. चालू केल्यावर तेवढं एकच ॲप उघडेल आणि चुकून बाहेर पडता येणार नाही, असं कुलूप घातलं. नेटही तोडून टाकलं, कारण नेट चालू असलं की आपण त्या वस्तूकडे बघतोय की ती आपल्याकडे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग चौकटी भरल्या. चार ओळी, प्रत्येकीत चार, एकूण सोळा. थेरपिस्टने बजावलं होतं की ॲपमधली तयार चित्रं वापरू नका, तिच्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढा. म्हणून चहासाठी तिचाच कान तुटलेला कप, पाण्यासाठी तिचाच तांब्या, पंख्यासाठी तिच्याच खोलीतला कोळिष्टकं लागलेला पंखा. मोरी, जेवण, गार लागतंय, दुखतंय, हो, नको. शेवटच्या ओळीत माणसं होती: मी, माझी मुलगी, आईकडे दिवसा येणाऱ्या शेजारच्या बाई आणि वडील. प्रत्येक चौकटीमागे माझा आवाज भरला. माणसांच्या बाबतीत कारखान्यातल्या लेबलसारखी पूर्ण नोंद केली, नाव, आडनाव आणि वडिलांचा तर लष्करातला हुद्दासुद्धा. घरात एखादा परका माणूस असला तरी ही कुणाला बोलावतेय ते त्याला कळलं पाहिजे, असा माझा विचार. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

वडील तोफखान्यात होते. तोफा गेल्या, पण कान काही परत आले नाहीत. टॅबचा स्वतःचा आवाज त्यांना ओसरीवरच काय, पलंगाच्या पायथ्याशीही ऐकू आला नसता. म्हणून तिच्या पलंगाशेजारच्या फळीवर ठेवायला बिनतारी स्पीकर घेतला. त्यातून 'पाणी' म्हटलं की समोरच्या घरातून कुणीतरी तांब्या घेऊन निघावं, असा त्याचा दणका होता. टॅबला मुलांसाठी मिळतं तसं मुठीचं जाड रबरी कव्हर घातलं आणि पलंगाच्या दांडीला आवळायचा वाकडा होणारा स्टँड घेतला. सगळं घेऊन कऱ्हाडला बस बदलून माहेरी कुंडलला गेले.

आईने 'चहा' पहिल्या पाच मिनिटांत उचलला. डाव्या हाताच्या बोटाने दाबलं, स्पीकर ओरडला, ती दचकली, मग हसली. चार महिन्यांनी तिचं हसू बघत होते मी. वडिलांनी स्वतः चहा टाकला. तिचा उत्साह बघून मी सोळाही चौकटी एकामागून एक वाजवून दाखवायला लागले. शेवटच्या ओळीत आले तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दमली असेल म्हणून मी थांबले.

त्या ॲपमध्ये एक सोय अशी आहे की कोणती चौकट कोणत्या वेळी दाबली याची यादी आत साठत जाते. थेरपिस्टला ती प्रगती मोजायला हवी होती. मला ती कशाला हवी होती हे सांगायला नको. दर रविवारी कुंडलला गेलं की चप्पल काढून मी आधी यादी उघडायची, मग आईला कशी आहेस विचारायचं. पहिल्या आठवड्यात चहा, पाणी, मोरी, पंखा. दुसऱ्यात 'नको' भरपूर, म्हणजे तब्येत सुधारत होती. माझ्या मुलीचा फोटो रोज दोन-तीनदा, माझाही अधूनमधून. वडिलांचा एकदाही नाही.

माल परत आला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग माणसावर, अशी आमच्याकडे पद्धत आहे. वडिलांची चौकट खालच्या उजव्या कोपऱ्यात होती, डाव्या हाताला लांब. म्हणून ती मध्ये आणली. पुढच्या रविवारी बघितलं, तर काही नाही. ओसरीच्या दारातून उजेड पडून काच चमकते, तिला नीट दिसत नसेल, म्हणून चकाकी मारणारी खरबरीत फिल्म चिकटवली. त्याचा फायदा झाला, इतर चौकटी ती झटझट दाबायला लागली. वडील तसेच. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात आणि पडदा ती ओळखत नाही, असं कळलं म्हणून पडद्यावर चालणारं पेन आणलं. ते तिच्या मुठीत फिरायचं, म्हणून त्याला सुती चिंधी गुंडाळून जाड केलं. मग वाटलं, हात थरथरतो आणि बोट शेजारच्या चौकटीवर घसरतं. कारखान्यात ॲक्रिलिकचा तुकडा पडलेला होता. माप काढून त्याला सोळा खिडक्या पाडून घेतल्या, कडा कानशीने घासल्या आणि तो टॅबवर बसवला. आता बोट ज्या खिडकीत जाईल तिथेच दाबलं जाईल, घसरायची सोयच नाही. थेरपिस्टने तो बघितला आणि दुसऱ्या पेशंटसाठी असे मिळतील का विचारलं. मला बरं वाटलं, पण लगेच वाटलं, ही माझी स्तुती करून चौकटीचा विषय टाळतेय. मी तिला सरळच विचारलं, की आई वडिलांना ओळखत नाही का?

"दाबत नाहीत म्हणजे त्यांना माहीत नाही, असं धरू नका, ताई," ती म्हणाली. "आपल्याला कारण अजून सापडलेलं नाही, एवढंच."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. कारण सापडलेलं नाही असं आमच्याकडे कुणी लिहून दिलं तर मी तो कागद परत पाठवते.

यंत्र निर्दोष निघालं तेव्हा माणसांची पाळी आली. पहिल्या सापडल्या शेजारच्या बाई. यादीत एक विचित्र गोष्ट दिसत होती. रोज सकाळी दहाच्या सुमाराला आणि दुपारी चारला 'चहा' हमखास होता, आणि नेमक्या त्याच वेळी बाई कामावर यायच्या. रविवारी त्या येत नाहीत, रविवारी दहाचा चहा नाही. बाई स्वतःच्या चहासाठी स्वतःच चौकट दाबतायत, हे मला स्वच्छ दिसलं. म्हणजे सगळी यादीच खोटी. एक सोमवार मी रजा घेतली, न सांगता गेले आणि पावणेदहापासून आईजवळ बसून राहिले. बाई आल्या, पायरीवर चपला काढल्या. त्या आत यायच्या आधीच आईचं बोट चहाच्या खिडकीत गेलं. वडिलांनी कप भरून आणला, तर आईने तो घेतला नाही. डाव्या हाताने बाईंकडे ढकलला.

"मी नगं म्हणती, तर कप तसाच धरून बसत्यात," बाई म्हणाल्या. "घरात आलेल्याला चा द्यायचा म्हनून."

आपल्यावर पाळत होती हे त्यांना कळलं. त्या दिवशी त्यांनी कपही उचलला नाही. मी खजील झाले. आणि त्याच वेळी माझा दुसरा संशय जास्त घट्ट झाला. आलेल्या माणसाला चहा द्यायचा हे जिला कळतं, तिला स्वतःचा नवरा कळत नाही असं कसं होईल? म्हणजे कळतो. कळतो आणि ती दाबत नाही.

मग मी वडिलांकडे वळले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वळले हे खरं. पंचवीस वर्षं ते सीमेवर आणि आई इथे, सासू-सासरे, रान, म्हशी आणि आम्ही. तिने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही, आणि न केलेल्या तक्रारीवर माझा विश्वास नाही. ती कुठेतरी साठत असणार. वारं गेलं त्या सकाळी नेमकं काय झालं, हे मी वडिलांना आधी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ते विहिरीवरची मोटार चालू करायला उठून गेले होते. तिसऱ्यांदा मी ओसरीच्या पायरीवर त्यांची वाट अडवूनच बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी ती चुलीपुढे एका अंगावर कलंडली. त्यांना वाटलं, हात-पाय आखडलेत. त्यांनी तिळाचं तेल गरम केलं आणि मालिश करत बसले. फौजेत पाय आखडला की तेच करायचे. तोंड वाकडं झालेलं बघितलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाडी मिळून सांगलीत पोचेपर्यंत दुपार. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं.

"ती बगत हुती माझ्याकडं," वडील म्हणाले. "मी तेल चोळत हुतो, आन् ती नुसती बगत हुती. मग माझं तोंड आता कशाला बघंल?"

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्हींत राग वर होता. कारण सापडलं, असं मला वाटलं. ती त्यांच्यावर रुसली नव्हती, रुसवा एवढा टिकत नाही. ती त्यांना माफ करत नव्हती. आणि वडिलांनी ते आधीच ओळखलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचं अंथरूण पलंगाशेजारून ओसरीवर गेलंय, घास भरवायचं काम बाईंकडे गेलंय आणि ते दिवसभर गोठ्यात काही ना काही काढून बसतात. ते खोलीत यायचे ते फक्त चहा घेऊन, कप ठेवायचे आणि मान खाली घालून जायचे. टॅब मात्र रोज पुसायचे, बंदूक पुसावी तसा, खिडक्यांच्या कोपऱ्यांतली धूळसुद्धा काडीला कापूस लावून.

मी आईला साताऱ्याला न्यायचं ठरवलं. माझ्याकडे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, असली कारणं मी दिली. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वडील येणार नव्हते, जनावरं आणि रान सोडून ते येणं शक्य नव्हतं, आणि मी त्यांना फारसा आग्रहही केला नाही. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर दोघांच्या चुली वेगळ्या होणार होत्या, आणि ते मी ठरवत होते, एका यादीच्या जोरावर.

"न्हे तू," वडील म्हणाले. "हितं तिला माज्यामुळं तरास हुतोय."

पुढच्या रविवारी सकाळी मी ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी घेऊन गेले. वडिलांनी तिची लुगडी घडीला घडी लावून त्यांच्या काळ्या ट्रंकेत भरून ठेवली होती, ती ट्रंक ड्रायव्हरने गाडीत चढवली. औषधांच्या पिशवीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मला बघितल्यावर ते म्हणाले की त्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय, दोन दिवस झाले, बोलतच नाही. आणि गोठ्याकडे निघून गेले. गाडी निघायच्या वेळी ते तिथेच राहणार हे मला कळलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

यंत्राचं काही बिनसलं नव्हतं. स्पीकर चार्जिंगला लावताना वडिलांचा अंगठा आवाज कमी करायच्या बटणावर दाबला गेला असणार, आवाज पार तळाला गेला होता. आईने दोन दिवस चौकटी दाबल्या आणि त्या मुक्याच राहिल्या. मी ठीक करायच्या आधी, सवयीने, यादी उघडली. टॅब बंद करून पिशवीत ठेवायचा होता, त्याआधी शेवटचं बघून घ्यावं म्हणून.

शुक्रवारी सकाळी चहा, तीनदा. पाणी. मग पुन्हा चहा. आणि मग वडील. पुन्हा वडील. त्याच्याखाली पुन्हा वडील. दुपारी, शनिवारी सकाळी, शनिवारी संध्याकाळी, एका वेळेला सलग आठ-नऊ वेळा. वेळा बघितल्या, तर वडील डेअरीला दूध घालायला जातात तेव्हाच्या आणि दुपारी रानात असतात तेव्हाच्या.

माझा विश्वास बसला नाही. दोन महिन्यांत जे एकदाही झालं नाही ते दोन दिवसांत इतक्या वेळा होत असेल तर माप घेणाऱ्यात खोट आहे, असंच मी धरते. खिडकीत काही अडकलंय का बघितलं. काही नाही. मग मी आईजवळ खुर्ची ओढली आणि आवाज शून्यावरच ठेवून विचारलं, "आबा कुठं हायती? दाव बगू."

तिने आधी फळीवरच्या स्पीकरकडे बघितलं. मग बोट सरळ वडिलांच्या खिडकीत. जराही अडखळली नाही.

मी स्पीकरचा आवाज वाढवला आणि तेच विचारलं. बोट वर आलं, खिडकीपर्यंत गेलं, तिथे थांबलं आणि मांडीवर परत गेलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

एकदा आलेलं माप मी धरत नाही, तीनदा घेते. आवाज बंद, दाबलं. आवाज चालू, नाही. आवाज बंद, दाबलं, आणि या वेळी बोट फोटोवरून तिने लवकर काढलंच नाही. वडिलांच्या गालावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी शिकलेली मुलगी आणि तिला काही म्हणजे काही कळत नाही, असं ते बघणं होतं.

तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर मला खुर्चीत बसवेना. आईने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात, शाळेच्या दाखल्याला, मतदानाच्या केंद्रावर, कुणी मालकाचं नाव विचारलं की तिचा हात माझ्या पाठीवर यायचा आणि ती मला पुढे ढकलायची, सांग गं. मी सांगायचे आणि ती पदर सावरत दुसरीकडे बघायची. मी माझ्या नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारते, अरे-तुरे करते, म्हणून माझ्या डोक्यात हे शिरलंच नाही. मी तिच्या बोटाखाली तिच्या नवऱ्याचं नाव ठेवलं होतं, आडनावासकट, हुद्द्यासकट, आणि ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा स्पीकर तिच्या उशाशी लावला होता. तिने ते घ्यायचं नाकारलं आणि त्यावरून मी तिचा मेंदू तपासला, मग तिचं मन तपासलं, शेजारच्या बाईंवर पाळत ठेवली आणि बापाला आरोपी केलं. यंत्र मुकं झालं तेव्हा कुठे तिला नवऱ्याला हात लावायची मोकळीक मिळाली. मला रडू आलं. आईने डाव्या हाताने 'पाणी' दाबलं, माझ्यासाठी.

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. नवीन काय भरायचं हा प्रश्नच नव्हता. ती त्यांना 'आवं' म्हणायची, पण ते माझ्या आवाजात भरणं मला जमेना. बापाला 'आवं' म्हणून हाक मारणारी मी कोण? मी जुने निरोप कधी पुसत नाही. कोण काय बोललं होतं हे पुढे दाखवता यावं म्हणून ठेवते, प्रेमाने नव्हे. आईला लिहिता येत नसल्याने ती बाईंकडून बटण दाबून घेऊन फोनवर बोललेलेच निरोप पाठवायची. वारं जायच्या आदल्या महिन्यातला एक सापडला. लोणच्याची बरणी नेली नाहीस म्हणून मला बोल लावता लावता ती मध्येच थांबते आणि फोनपासून तोंड लांब नेऊन ओरडते, "आवं, दुधाची गाडी आली बगा," आणि पुन्हा लोणच्याकडे वळते. मी त्यातला पहिला शब्द तेवढा कापून घेतला आणि वडिलांच्या फोटोमागे भरला.

टॅब पुन्हा स्टँडला लावला. स्पीकरचा आवाज होता तेवढा वर नेला. आईला काही सांगितलं नाही, फक्त बोट दाखवलं. तिने मान हलवली, नको. मी तिचा हात धरला नाही, थांबले. बराच वेळ गेला. मग तिने माझ्याकडे अविश्वासाने बघत, अगदी माझ्यासारखं बघत, खिडकीत बोट घातलं.

"आवं."

तिचाच आवाज. सहा महिन्यांत ती तो पहिल्यांदा ऐकत होती. ती स्पीकरकडे बघत राहिली, मग स्वतःच्या बोटाकडे. मग तिने पुन्हा दाबलं, या वेळी जरा जोरात.

"आलो, आलो," गोठ्यातून वडील ओरडले. पंचावन्न वर्षांत जसे ओरडले असतील तसेच, विचार न करता. मग पायरीवर पावलं वाजली आणि वडील दारात येऊन उभे राहिले, हातात वैरणीची पेंढी तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे बघत तिसऱ्यांदा दाबलं.

त्यांनी पेंढी उंबऱ्याशी ठेवली, हात धोतराला पुसले आणि पलंगाच्या कडेवर बसले. काय पायजे, असं त्यांनी विचारलं. चहा, पाणी, पंखा, सगळं तिच्या बोटाशी होतं. तिने त्यातलं काहीच दाबलं नाही.

मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला ट्रंक खाली उतरवायला सांगितली. आतून पुन्हा 'आवं' ऐकू आलं, आणि वडील म्हणाले, "हाय की हितं."